ऐंशी मीटरची रेघ

मध्या, तुझ्या शोकसभेत मी लोकांना इतकं हसवलं की हेडमास्तरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

शाळेचा हॉल भरला होता. तुझ्या फोटोला झेंडूचा हार, पुढं उदबत्त्या, आणि एकामागून एक वक्ते तुला शांत, संयमी, मितभाषी म्हणून मोकळे होत होते. मला ते ऐकवेना. ज्यानं तिसरीत माझ्या डोक्यावर पाटी फोडली, ज्याच्या कानाच्या पाळीवर माझ्या दातांची खूण होती, त्याला संयमी म्हणत असतील तर आपण घाटावर भलत्यालाच जाळून आलो असं वाटायला लागलं. माझी पाळी आली तसा मी उठलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "भाइयो, अब असली बात सुनो." आणि तीच गोष्ट सांगितली. वहिनींच्या दातांची.

ती मी कशी सांगतो ते तुला पाठ आहे. दगडाचा आवाज तोंडानं काढतो, माझ्या मामाचा खोकला काढतो, तुझं फीत घेऊन धावणं करून दाखवतो, आणि शेवटी एक बोट वर करून म्हणतो, "विज्ञान ने कहा, अस्सी मीटर. पत्थर ने कहा, एक कदम और." हॉल फुटला. तुझे जुने विद्यार्थी एकमेकांच्या पाठीवर गुद्दे मारत हसले.

पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, तोंडावर पदर धरून. सहा वर्षं त्या तसाच धरतात, हसू आलं तरी आणि जांभई आली तरी, त्यामुळं पदराआड काय चाललंय ते कुणाला कळत नाही. त्या दिवशी मला कळलं. पदर हलत नव्हता.

त्या गोष्टीतली एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नाही. तुलाही नाही. आता सांगतो. आता तू मला मारू शकत नाहीस, ही माझी सोय आहे, आणि दुःखही तेच आहे.

आपली दोस्ती मारामारीवर उभी होती आणि मला तिची लाज नाही. चौदाव्या वर्षी तू मला वैनगंगेत पाण्याखाली दाबून धरलंस, कारण मी म्हणालो होतो की बुडणारा माणूस तीनदा वर येतो, आणि तुला ते मोजायचं होतं. मी एकदाच वर आलो आणि तुझ्या नाकावर डोकं हाणलं. तू रक्त गिळत म्हणालास, "एकदाच आला बे. लोक फालतूच सांगतात." पुढं तू सायन्सचा मास्तर झालास. मी कोर्टात नकलनवीस झालो, लोकांच्या भांडणांचे निकाल सुंदर अक्षरात उतरवून देणारा. लग्नं झाली, केस पिकले, तरी महिना-दीड महिन्यात एखादा ठोसा व्हायचाच. ठोसा झाला की विषय संपला. कोण बरोबर आणि कोण चूक ते पुन्हा उकरायचं नाही. हा आपला कायदा होता, आणि मी ज्या कायद्याच्या नकला उतरवतो त्याच्यापेक्षा तो फार लवकर निकाल द्यायचा.

आता तुझ्या हृदयानं तुला आतून एकच ठोसा मारला आणि तू उलटा वार न करता पडलास. हे तुला शोभलं नाही.

माझ्या आजोळी तुला मीच नेलं. तिरोडीच्या अलीकडं, नाल्याच्या या काठाला गाव आणि त्या काठाला टोला, म्हणजे पलीकडची वस्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे जवान आपापल्या काठावर उभे राहतात आणि एकमेकांवर दगड फेकतात. वर्षभरात गावात जे जे वाईट आलं, ताप, हगवण, धानावरची गादमाशी, गाभडलेल्या गाई, ते दगडाला सांगायचं आणि दगड पलीकडं टाकायचा. नाल्यात पडला तर वाया गेला. पलीकडच्या जमिनीवर पडला तर पीडा तिकडं गेली. कुणाच्या डोक्यावर पडला तर फारच उत्तम. नियम दोनच आहेत: गोफण वापरायची नाही, आणि काठावर पुरलेल्या लाकडाच्या पुढं पाय टाकायचा नाही.

मला ते लहानपणापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. दगड कानाजवळून जातो तेव्हा जो भुर्र आवाज होतो, तो ऐकला की मला भूक लागते. हाडावर बसला की कवठ फुटल्यासारखं वाजतं. माणूस खाली बसतो, डोकं चाचपतो, हाताला लागलेलं रक्त नाल्याकडं झटकतो आणि पुन्हा उठून फेकतो. तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा मी तुझं तोंड बघत होतो. तुला मजा येत होती, मध्या. मग मागं मुरमुरे विकत बसलेल्या एका म्हातारीच्या खांद्याचं हाड मोडलं आणि तुझी मजा संपली.

परतीच्या बसमध्ये तू कटंगीपर्यंत बोलला नाहीस. मग म्हणालास, "फेकनारे फुटोत. त्यायनं कबूल केलं हाय. त्या बुढीनं काय कबूल केलं होतं?"

"ते पाहाले आली होती."

"कुठून पाहाव, हे कोनी सांगतलं का तिले? कुठपर्यंत येते दगड?"

"येते तिथपर्यंत."

"आकडा सांग."

"दगडाले आकडा नसते बे."

तू छत्रीची मूठ माझ्या गुडघ्यावर हाणलीस. सगळी बस वळून बघायला लागली. "असते," तू म्हणालास.

त्या हिवाळ्यात तू शाळेत ते यंत्र केलंस. सागाची फळी, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर, बाजूला पुठ्ठ्याचा हातभर चांदा आणि रबरात बसवलेली काचेची गोटी. रबर दर वेळी एकाच खुणेपर्यंत ओढायचं, बदलायचा तो फक्त फळीचा कोन. जमिनीवर राख पसरलेली. गोटी पडेल तिथं राखेत खळगा, आणि खळग्यापर्यंत फीत. मी कोर्टातून पळून येऊन मागच्या बाकावर बसलो होतो.

"देखो बच्चो. पंद्रह. तीस. पैंतालीस." पंचेचाळीसला गोटी सगळ्यांत लांब गेली. मग तू फळी अजून उभी केलीस. साठ. गोटी वर गेली, छताला लागते की काय असं झालं, आणि खाली येऊन बरोबर तीसच्या खळग्याशेजारी बसली. पोरं चिडीचूप झाली.

मी उठलो. "सर, ये गलत है. तीस वाला पत्थर सामने से आता है, दिखता है, आदमी बैठ जाता है. साठ वाला ऊपर से आता है. दोनों बराबर कैसे?"

"मैंने दूरी बराबर बोली," तू म्हणालास. "चोट बराबर नहीं बोली."

"तो फिर आपका विज्ञान आधा है."

तू डस्टर फेकलंस. माझ्या कपाळाला लागलं, खडूची धूळ डोळ्यांत गेली. तू पोरांकडं वळून शांतपणे विचारलंस, "डस्टर कितने अंश पर गया?" पहिल्या बाकावरचा पोरगा उभा राहून म्हणाला, "दस, सर." शोकसभेतला मितभाषी, संयमी मास्तर तो हाच.

तो वाद आपण कधी संपवला नाही. तू अंतराबद्दल बोलत होतास आणि मी जखमेबद्दल.

उन्हाळ्यात तू रविवारी रविवारी आजोळी जाऊन बसायचास. धान कापलेल्या बांधीत टोल्याचे सहा फेकणारे उभे केलेस. समोर पंचेचाळीस अंशात एक बांबू बांधला, त्याच्या रोखानं फेकायचं. प्रत्येकाचे दहा दगड, प्रत्येक दगडामागं फीत घेऊन तू धावतोस. सोमाजी त्यातला सगळ्यांत जबर. त्याचा दंड सागाच्या बल्लीसारखा होता आणि बोलणं बाईसारखं हळू. त्याचा सगळ्यांत लांबचा दगड बहात्तर मीटर गेला. टोल्याचा काठ पुरुषभर उंच, त्याचे तू दोन मीटर धरलेस. मग वर सहा अजून.

"हे सहा कायचे?" मी विचारलं.

"मोहाचे. पिऊन असतात त्या दिवशी."

"पिऊन जोर वाढते का कमी होते?"

"माहीत नाई. म्हनून त धरले."

झाले ऐंशी. टोल्याच्या काठावरच्या लाकडापासून ऐंशी मीटरवर आमच्या बाजूला चुन्याची रेघ, बघणारे तिच्या मागं. मामा तेव्हा गावचे पटेल होते. त्यांनी हुक्क्यातून तोंड काढून विचारलं, "फेकाले मनाई नाई ना? मंग रेघ मारा, नाईतर रांगोळी काढा."

पुढची गोष्ट मी हजारदा सांगितली आहे. या खेपेला जशी झाली तशी सांगतो.

सकाळी तू रेघ मारलीस. माझ्या हातात बांबू दिलास आणि म्हणालास, कुणी पुढं आला तर हाण. मग तू टोल्याकडची रेघ मारायला खालच्या उतारानं पलीकडं गेलास. वहिनी आल्या होत्या, माझी बायको होती, गावातल्या पन्नास-साठ बाया-माणसं होती. आणि रेघेच्या मागून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मध्ये शेताचा उंच बांध. त्याच्या पलीकडं फेकणाऱ्यांच्या पाठी, आणि नाला तर त्याहून खाली.

मी क्रिकेटची कॉमेंट्री सुरू केली होती, रेडिओवरची, हुबेहूब. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इथून नुसत्या पाठी दिसतात. तुमची कॉमेंट्री त घरी बसूनबी आयकली असती."

बाया हसल्या. माझ्यावर हसल्या, माझ्या विनोदावर नाही. यातला फरक मला फार लवकर कळतो.

घमेल्यात चुना उरला होता. मी पायानं तुझी रेघ चिखलात मिसळून टाकली आणि बांधाच्या माथ्यावर नवी ओढली. सरळ, सुंदर, नकलनवीसाच्या हातची. मूळ प्रतीबरहुकूम, फक्त दहा मीटर पुढं. मग मास्तरनंच रेघ पुढं घ्यायला सांगितलीय असं ठोकून देऊन सगळ्यांना बांधावर बसवलं. नाटकाच्या थेटरात बसतात तशी सगळी ओळीनं बसली, आणि मला प्रेक्षक मिळाले.

तू परत आलास तोवर दगड सुरू झाले होते. बांध माणसांनी भरलेला होता, चुन्यावर लोक बसले होते. त्या शेतात एकामागं एक सारखेच बांध, चुना दिसला आणि तुला वाटलं रेघ तुझीच. तू दुरून हात केलास, मी बांबू वर केला.

तो दिवस भयंकर रंगला. पहिल्या तासात तीन डोकी फुटली. आमच्या एका पोराचं बोट दोन दगडांमध्ये सापडून दाण्यासारखं चेचलं गेलं, त्यानं ते तोंडात धरलं आणि डाव्या हातानं फेकत राहिला. टोल्याचा एक गडी कानशिलावर दगड बसून नाल्यात कोसळला, त्याच्या भावानं केसाला धरून ओढून काढला. दोन्हीकडून आई-बहिणीवरून शिव्या, ढोल, मोहाचा वास. आणि मी बांधावर उभा राहून ओरडतो आहे, "और ये आए सोमाजी, नाला छोर से, लंबा रनअप, आज लंच में आधी बोतल." वहिनी हसल्या. मान मागं टाकून, तोंड उघडून, खळखळून हसल्या. माझ्या विनोदावर.

साठ अंशाचा दगड कुणालाच दिसत नाही.

तो आवाज मी तोंडानं काढून दाखवतो तसा नव्हता. ओल्या लाकडावर घण बसावा तसा होता. वहिनींचे चार दात गेले, खालचा ओठ मधोमध फाटला, हनुवटीचं हाड पांढरं दिसलं. त्यांनी हात तोंडाकडं नेला आणि ओंजळीत दात घेऊन माझ्याकडं बघितलं. माझ्या शर्टावर रक्त आलं. गरम होतं.

तू धावत आलास. हातात फितीची चामडी डबी होती, तीच माझ्या कानावर हाणलीस. "तुले उभं कायले केलं होतं बे?" आणि मी, मध्या, सवयीनं उलटा ठोसा दिला. तुझ्या बायकोचं रक्त जमिनीवर गळतंय आणि आपण दोघं चिखलात लोळतोय, एकमेकांचे गळे धरून. लोक नाल्याकडचं बघायचं सोडून आपल्याकडं बघायला लागले. मामांनी दोघांच्या पेकाटात लाथा घातल्या तेव्हा आपण सुटलो. सोमाजी छातीभर पाण्यातून इकडं आला, वहिनींच्या पायाशी बसला आणि पोरासारखा रडला. "माह्याच हातचा होता काय तो?" एवढंच विचारत राहिला.

बालाघाटच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत टाके घालणं चालू असताना, तू मला विचारलंस.

"ते रेघेच्या मांगं होती का पुढं?"

"मांगं."

"किती?"

"एक पाऊल."

"खरं सांग."

"तुह्या गळ्याशपथ."

शपथ खरी होती. वहिनी रेघेच्या एक पाऊल मागंच होत्या. माझ्या रेघेच्या. त्या रात्री धो धो पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी तू फीत घेऊन गेलास तर पाणी बांध ओलांडून गेलं होतं, आणि चुन्याचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

चार दिवसांनी तू ते यंत्र अंगणात आणलंस आणि कुऱ्हाडीनं फोडलंस. फळीचे तुकडे उडाले, एक माझ्या नडगीला लागला, तू बघितलंही नाहीस. पुढं वर्गात तो धडा आला की तू पोरांना सांगायचास, घर पर पढ़ लेना. रविवारी सकाळी गेलं की तू कागदावर काहीतरी मांडत बसलेला असायचास. एकदा मान वर न करता विचारलंस, "वारा होता का रे त्या दिवशी?" मी म्हणालो, "थोडा होता." तू "थोडा" हा शब्द लिहून घेतलास आणि त्याच्याभोवती गोल केलास. बहात्तरच्या पुढचे आठ मीटर कुठून आले, हे तू त्या थोड्या वाऱ्यात शोधत बसलास.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू ठोसा मारला असतास आणि विषय संपला असता, असं कुणी म्हणेल. ठोशाची मला भीती नव्हती. तू ठोसा मारणार नाहीस, याची भीती होती.

म्हणून मी त्याची गोष्ट केली. लग्नात सांगितली, कोर्टात वकिलांना सांगितली, तुझ्या स्टाफरूममध्ये तुझ्यासमोर सांगितली. तू बसून ऐकायचास. एकदा मी मुद्दाम पंच्याऐंशी म्हणालो तर तू हळूच दुरुस्त केलंस, "ऐंशी." इतका प्रामाणिक होतास की स्वतःच्या फजितीचा आकडासुद्धा चुकू दिला नाहीस. तू मला तुझी हार देऊन टाकलीस आणि मी तिच्यावर सहा वर्षं टाळ्या घेतल्या. याचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात पाट्यावर मिरची वाटत होत्या. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, कुणाची नक्कल न करता, कसला आवाज न काढता. पाच मिनिटांत संपलं. खरी गोष्ट फार आखूड असते.

वहिनींनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. मी डोकं पुढं केलं. खरंच केलं. वाटलं, आता बसेल आणि सुटलो.

त्यांनी वरवंटा पाट्यावर परत ठेवला.

"नाई मारत," त्या म्हणाल्या. "मारलं का तुमचं सुटते. मले माहीत हाय तुमा दोघाचं."

"वहिनी, तुमचे दात..."

"दाताचं राहू द्या. दात त नागपूरहून आनले." तोंडावर पदर नव्हता. हात मिरचीनं लाल झाले होते. "हा मानूस सहा वरसं माह्या तोंडाकडं पाहून जेवला नाई, भाऊजी. मी हसली का उठून जाये. मले वाटे, मी खराब दिसते म्हनून जाते."

मी खाली सांडलेली मिरची उचलून पाट्यावर ठेवली.

"अन् ऐंशी तरी बरोबर होते का?" त्यांनी विचारलं.

"हौ. मी रेघ सत्तरवर आनली ना."

"ते आयकलं. ऐंशीवर दगड आलाच नसता, हे कोनाले माहीत? तुमाले? यायले? यायलेबी नाई कळलं मरेपर्यंत." तुझं नाव न घेता त्या पुन्हा वाटायला लागल्या. "पोळा येऊन राह्यला. जा. यायच्या मापानं रेघ मारा अन् तिच्यावर सोता उभे राहा. दगड आला त यायचंबी चुकलं, तुमचंबी चुकलं, सोडून देऊ. नाई आला त मले येऊन सांगा."

"अन् माहं डोकं फुटलं त?"

"त मी येईन दवाखान्यात. गोष्ट सांगाले."

परवा गेलो. हेडमास्तरांकडून शाळेची फीत घेतली, बसच्या टपावर चुन्याचं पोतं टाकलं. मामा गेले, आता त्यांचा रघू पटेल आहे. त्यानं फितीचं टोक धरून नाला ओलांडला आणि टोल्याच्या लाकडाशी उभा राहून ओरडला, "दादा, सहा वरसानं कायची रेघ? आता कोनी मानत नाई." मी म्हटलं, धर नीट. फीत आखूड, म्हणून खुंट्या मारत तीन वेळा मोजलं. ऐंशीवर चुना टाकला. बांधाच्या दहा मीटर मागं.

मग पलीकडं जाऊन सोमाजीला भेटलो. त्या दिवसापासून त्यानं दगड उचललेला नाही. "आता माहा भाचा फेकते," तो हळू आवाजात म्हणाला. "माह्याहून पाच-सहा मीटर जास्तच." मी मनात बेरीज केली: बहात्तर, सहा, काठाचे दोन, बरोबर ऐंशी. मग मध्या, खोटं नाही सांगत, आनंद झाला.

कारण रेघेवर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की मला काय हवं आहे. एक दगड. ऐंशी मीटर ओलांडून आलेला एकच दगड, माझ्या कपाळावर, छातीवर, कुठंही. तो आला की तुझी रेघही चुकलेली. मग मी ती कुठं का ओढेना, वहिनी तुझ्या रेघेमागं बसल्या असत्या तरी दगड आलाच असता. मी सुटलो. फक्त तू चुकलेला ठरायला हवं होतंस, आणि तू तर मेलेलाच होतास.

लोक बांधावरच बसले. मी ओरडलो, मागं या, तर हसले. तासाभरात बांधावर दोन डोकी फुटली आणि कॉलेजातल्या एका पोराची कानाची पाळी लोंबायला लागली. मग निम्मे लोक मुकाट्यानं माझ्या मागं येऊन उभे राहिले. भाच्याचे दगड ओळखू येत होते. बाकीच्यांचे भुर्र करत येत, त्याचे चाबकासारखे. आमच्या एका गड्याच्या मनगटाचं हाड त्यानं असं मोडलं की पंजा भलतीकडं वळला.

मी त्याला शिव्या द्यायला लागलो. माझा आवाज अजून नाल्यापार जातो. "काय बे, मामीनं जेवाले नाई देल्लं का? फेकतं का टाकतं?" त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं हा कोण पिकल्या केसांचा इसम, आणि नेम माझ्यावर धरला. एक. दोन. पाच. पंचेचाळीसचे, साठचे. मी प्रत्येक दगड डोळे उघडे ठेवून बघितला. एक वर चढला, आभाळात थांबल्यासारखा झाला आणि मोठा होत होत सरळ माझ्याकडं यायला लागला. मी हललो नाही. मनात म्हणालो, ये. तो माझ्यासमोर चिखलात गेला आणि चिखल माझ्या तोंडावर उडाला.

मावळतीला दगड थांबले. मी तो दगड उकरून जागा मोजली. दोनदा मोजली, मग रघूकडून मोजवली. शहात्तर मीटर पन्नास. त्यापुढं दिवसभरात एकही नाही.

दगड थांबले की दोन्हीकडचे लोक नाल्यात उतरतात, आणि ज्यानं फोडलं त्यानंच जखमेवर हळद-तेल लावायचं असतं. सोमाजीचा भाचा वाटी घेऊन थेट माझ्याकडं आला. सगळ्यांत जास्त दगड त्यानं मलाच मारले होते. त्याच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं, ते त्यानं मनगटानं पुसलं आणि दोन बोटं हळदीत बुडवली.

"काका, कुठी लागला?"

"कुठी नाई."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं माझं डोकं चाचपलं, खांदे दाबून बघितले, मला वळवून पाठ बघितली. एवढ्या सगळ्या माणसांत धड असा मी एकटाच होतो.

"खरंच कुठीच नाई?"

"खरंच नाई, बाबू."

तो थोडा ओशाळला आणि वाटी घेऊन दुसऱ्याकडं गेला. मी फीत गुंडाळली.

उद्या सकाळी वहिनींकडं जायचं आहे, मध्या.